कडवळ : कापणीची वेळ आणि वाण

धान्यासाठी नव्हे, तर हिरव्या वैरणीसाठी दाट पेरलेल्या ज्वारीला महाराष्ट्रात कडवळ म्हणतात. कणसे काढून घेतल्यावर उरणाऱ्या वाळलेल्या ताटांचा कडबा त्याहून वेगळा. कडवळ वजनावर विकले जाते, परंतु जनावराला त्यातले पचेल तेवढेच उपयोगी पडते, आणि पीक जून होत जाते तसे वजन वाढते व पचनीयता घटते.

पीक पोटरीत येईपर्यंत, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असेपर्यंत, ताटात पानांचा वाटा मोठा असतो व प्रथिनांचे प्रमाणही चांगले असते. पुढे खोडाचा वाटा वाढतो, पेशीभित्तिका जाड होतात आणि त्यांत लिग्निन साठते. लिग्निन स्वतः पचत नाही, शिवाय तंतूंतील सेल्युलोजपर्यंत कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवांना पोहोचूही देत नाही. शुष्क पदार्थाचे (पाणी वगळून उरणाऱ्या चाऱ्याचे) उत्पादन मात्र निसवल्यानंतरही, म्हणजे कणीस बाहेर पडल्यावरही, वाढत राहते. म्हणून एका कापणीचे वाण निम्मे पीक फुलोऱ्यात असताना, साधारणपणे पेरणीनंतर ६० ते ७० दिवसांनी कापतात. मुरघासासाठी (हवाबंद आंबवून साठवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी) दाणा चिकातून पिठाळ होईपर्यंत थांबणे श्रेयस्कर, कारण फार ओल्या चाऱ्यातून रस गळतो आणि मुरघास बिघडतो.

फार लवकर कापण्यात याहून गंभीर धोका आहे. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचे द्रव्य असते; जनावराने पाने चावताच त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते व काही वेळातच जनावर दगावू शकते. पाण्याच्या ताणात खुंटलेल्या, नत्रखताची मात्रा जास्त झालेल्या पिकात आणि कापणीनंतरच्या कोवळ्या फुटव्यांत हे प्रमाण वाढते. पावसाने ओढ दिली की सुकू लागलेले पीक जनावरांना चारून मोकळे व्हावेसे वाटते, पण नेमकी तीच वेळ सर्वांत घातक असते. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत हे विष बरेच कमी होते. चारा नीट वाळवल्यानेही ते घटते.

वाणामुळे कापणीची तारीख मागेपुढे होते. हळव्या (लवकर येणाऱ्या) आणि गरव्या (उशिरा येणाऱ्या) वाणांची एकाच दिवशी कापणी करून केलेली तुलना फसवी ठरते, कारण एक निसवलेला असतो तर दुसरा अजून पानांवरच असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे रुचिरा आणि फुले अमृता हे वाण एका कापणीसाठी आहेत. सुदान गवताच्या संकरातून आलेल्या एसएसजी ५९-३ या वाणाची खोडे बारीक असून त्याला फुटवे भरपूर येतात, त्यामुळे जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर बुडखा राखल्यास त्याच्या अनेक कापण्या मिळतात. पानाची मधली शीर तपकिरी असणाऱ्या ज्वारीत लिग्निन मुळातच कमी असल्याने ती अधिक पचते, मात्र तिचे उत्पादन काहीसे कमी येते आणि ताटे लोळण्याची शक्यता वाढते.

रब्बीतील मालदांडी (एम ३५-१) मुख्यतः भाकरीसाठी पेरतात. तिची कापणी दाणा पक्व झाल्यावरच होत असल्याने तिचा कडबा कडवळाच्या तोडीचा नसतो. तरीही सोलापूर परिसरातील शेतकरी वाण निवडताना धान्याबरोबर कडब्याचाही विचार करतात, कारण उन्हाळ्यात गोठ्यातील जनावरांची भिस्त त्यावरच असते.