परदेशातून मुखत्यारपत्र मागवताय? सहीआधी हे वाचा

एक भाऊ सांगलीत, दुसरा टोरंटोला, बहीण दुबईत. वडिलांच्या पश्चात हक्कसोड नोंदवायची किंवा प्लॉट विकायचा, की बाहेरच्यांचं मुखत्यारपत्र लागतं. त्याचा मजकूर आणि मुद्रांक महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे, पण सही खरी असल्याचा दाखला मात्र सही होते त्या देशाच्या रीतीनं. ही रीत देशागणिक वेगळी आहे आणि बदलतही राहते. त्यामुळे ‘चुलतभावानं पाच वर्षांपूर्वी असंच केलं होतं’ यावर विसंबू नका.

1961 च्या हेग करारातल्या देशांत नोटरीसमोर सही करून त्यावर तिथल्या अधिकाऱ्याचं अपोस्टिल, म्हणजे करारातल्या इतर देशांत चालणारा सही-शिक्क्याच्या खरेपणाचा दाखला, घेतात. भारतात हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे. सौदी अरेबियात तो 7 डिसेंबर 2022 ला आणि कॅनडात 11 जानेवारी 2024 ला लागू झाला. कॅनडातून त्याआधी कागद भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून आणावा लागे. आता ओंटारिओ, ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, क्युबेक, सस्कॅचवान हे प्रांत स्वतःच अपोस्टिल देतात. दुबई-अबुधाबीत ही सोय नाही. तिथं भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करणं हाच सरळ मार्ग.

अमेरिकेत लोक हमखास चुकतात. तिथं अपोस्टिल राज्याचं असतं: नोटरी टेक्सासचा असेल तर अपोस्टिलही टेक्सासचंच हवं, भाऊ राहायला कुठंही असो. न्यूयॉर्कमध्ये तर आधी काउंटी क्लार्ककडून नोटरीची सही प्रमाणित करून घ्यावी लागते. नुसत्या नोटरीच्या शिक्क्यावर कागद पाठवला तर इथं नोंदणीच्या टेबलावर काम अडण्याची शक्यता फार.

अपोस्टिल नोटरीची सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं, मजकूर बरोबर असल्याचं नाही. म्हणून मसुदा इथं पक्का करूनच पाठवा. ‘माझी सर्व मिळकत’ असं मोघम लिहू नका. गाव, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि नेमके अधिकार लिहा: विक्री करणं, मोबदला घेणं, दुय्यम निबंधकांसमोर दस्त कबूल करणं. पासपोर्टवर ‘संजय’ आणि सातबाऱ्यावर ‘संजयकुमार’ असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा उल्लेख मजकुरातच करा. प्रत्येक पानावर सही, देणारा आणि मुखत्यार अशा दोघांचे फोटो आणि दोन साक्षीदार हवेत.

कागद हातात आला की स्कॅन करण्यासाठी पिना काढू नका. अपोस्टिलचं पान सुटं झालं की ते याच कागदाचं होतं हे दाखवणं अवघड जातं, आणि बऱ्याचदा सगळं नव्यानं करावं लागतं. तशीच पाने उलटून फोटो काढा.

कुरिअरचं पाकीटही जपून ठेवा. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 18 प्रमाणे परदेशात झालेला दस्त राज्यात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावा लागतो, आणि ती तारीख पाकिटावरून दाखवता येते. हे काम सह जिल्हा निबंधक तथा मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात होतं. मिळकत विकण्याचा अधिकार मोबदल्याशिवाय आई, वडील, भाऊ, बहीण, पती किंवा पत्नीला दिला असेल तर मुद्रांक 500 रुपये. नात्याबाहेरच्याला दिला तर खरेदीखताइतका. वडिलोपार्जित मिळकतीची हक्कसोड भावाबहिणींत असेल तर पूर्वी 200 रुपये लागत, ऑक्टोबर 2024 पासून 500 लागतात. जुना मसुदा वापरणार असाल तर आकडा आणि कलमं दोन्ही तपासा. भारतीय पुरावा अधिनियमाची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमानं घेतली आहे.

मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूनंतर ते सहसा संपतं. दस्ताच्या दिवशी मुखत्याराला ‘देणारा हयात आहे, मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही’ असं घोषणापत्र द्यावं लागतं, तेव्हा आदल्या दिवशी परदेशात फोन करून खात्री करून घ्या.

आमच्याकडे मसुद्यासाठी येताना सातबारा किंवा मिळकत पत्रिका, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि सही कोणत्या देशात, कोणत्या राज्यात होणार हे लिहून आणा.