शाळा आधी की बाजार? टाळेबंदी उठवण्याचं गणित

कोविडच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये जगातली दीडशे कोटींहून जास्त मुलं एकाच वेळी शाळेबाहेर होती. युनेस्कोच्या नोंदींनुसार १९० हून अधिक देशांनी शाळांना कुलूप लावलं होतं. बहुतेक ठिकाणी बंद करण्याचा निर्णय काही दिवसांत झाला. उघडण्याचा वाद मात्र कुठे काही आठवडे, तर कुठे वर्षाहून अधिक काळ चालला. त्यात सगळ्यांचा आग्रह एकच होता, तारीख सांगा. मला वाटतं, तारीख हा उत्तरातला सर्वांत शेवटचा भाग आहे. आधी ठरवायचं ते हे, की निर्बंध उठवायला मुळात किती वाव आहे, आणि तो कशासाठी वापरायचा.

हा वाव मोजता येतो. एक बाधित माणूस सरासरी किती जणांना संसर्ग देतो, या संख्येला साथरोगतज्ज्ञ ‘आर’ म्हणतात. आर एकाच्या खाली असेल तर साथ ओसरते, वर गेला की वाढते. कोविडच्या सुरुवातीच्या विषाणूत एकाकडून दुसऱ्याकडे संसर्ग जायला साधारण पाच दिवस लागत, म्हणजे महिन्यात सहा फेऱ्या. रोज १,००० नवे रुग्ण सापडत असतील आणि आर ०.८ असेल, तर महिन्याभराने रोजचे सुमारे २६० उरतात. आर १.१ झाला तर ते १,७७० होतात आणि १.३ झाला तर ४,८०० च्याही पुढे जातात. जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी एप्रिल २०२० मध्ये पत्रकारांना हेच समजावलं होतं. आर १.१ राहिला तर ऑक्टोबरमध्ये रुग्णालयं अपुरी पडतील, १.२ राहिला तर जुलैत आणि १.३ राहिला तर जूनमध्येच. दशांशातल्या एका आकड्याने काही महिन्यांचा फरक पडतो.

टाळेबंदीत आर ०.८ पर्यंत उतरला असेल, तर हाताशी ०.२ एवढीच शिल्लक असते. दुकानं, कार्यालयं, समारंभ, प्रवास, शाळा, जे जे उघडाल ते या शिल्लकीतून खर्च होतं. सगळं एकदम उघडायला ती पुरत नाही. म्हणजे वाद विज्ञान आणि शिक्षण यांच्यातला नसून खर्चाच्या क्रमाचा आहे. आणि तो क्रम ठरवणं हे गणिताचं काम नाही, ते समाजाचं आहे. अनेक देशांत उपाहारगृहं आणि मद्यालयं शाळांच्या आधी उघडली. तोही निर्णयच होता, फक्त तो असा उघड शब्दांत कुणी मांडला नाही.

एका वेळी एकच पाऊल टाका, असं तज्ज्ञ सांगत होते त्यामागे साधं कारण आहे. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाचेक दिवस, मग चाचणी आणि अहवाल. प्रकृती बिघडून रुग्णालयात जाण्याची वेळ आली तर त्याला आणखी आठवडाभर. आज उघडलेल्या गोष्टीचा परिणाम आकड्यांत दिसायला दोन-तीन आठवडे जातात. त्या मुदतीत आणखी चार गोष्टी उघडल्या, तर रुग्ण कशामुळे वाढले हे कळायला मार्गच उरत नाही. पुष्कळ ठिकाणी हेच झालं आणि मग दोष ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे वाटला गेला.

मुलांकडून संसर्ग किती पसरतो, हा खरा कळीचा मुद्दा. पहिल्या काही महिन्यांत बाधितांमध्ये मुलं फार कमी दिसत होती. त्यावरून मुलांना हा आजार होतच नाही, असं अनेकांनी म्हटलं. पण शाळा बंद, मुलं घरात. त्यांना संसर्ग व्हायची संधीच कमी होती. शिवाय लक्षणं सौम्य, त्यामुळे चाचण्याही कमी. मुलांना गंभीर आजाराचा धोका मात्र खरोखरच कमी होता. लस येण्यापूर्वीच्या माहितीवरून केलेल्या एका मोठ्या विश्लेषणात, संसर्गामुळे मृत्यू होण्याचं प्रमाण दहाव्या वर्षी ०.००२ टक्के, ५५ व्या वर्षी ०.४ टक्के आणि ८५ व्या वर्षी १५ टक्के आढळलं. म्हणून प्रश्न मुलापुरता राहत नाही, त्याच्या शिक्षिकेचा आणि घरातल्या आजीचा होतो.

या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर स्वीडनमधून आलं. तिथे २०२० च्या वसंतात नववीपर्यंतच्या शाळा चालू राहिल्या आणि त्यावरचे वर्ग ऑनलाइन झाले. एकाच देशात, एकाच वेळी, जवळजवळ एकाच वयाच्या मुलांचे दोन गट आपोआप तयार झाले. संशोधकांनी त्यांच्या पालकांची आणि शिक्षकांची तुलना केली. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये संसर्गाची शक्यता किंचितच जास्त निघाली. पण वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांमध्ये ती ऑनलाइन शिकवणाऱ्यांच्या साधारण दुप्पट होती. शाळा उघडणं बिनधोक आहे, असं म्हणणाऱ्यांनी यातलं दुसरं वाक्य गाळलं. शाळा म्हणजे साथीचं कोठार, असं म्हणणाऱ्यांनी पहिलं. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली तर काय करायचं ते स्पष्ट होतं. शाळा उघडा, आणि शिक्षकांच्या संरक्षणाला अग्रक्रम द्या.

‘शाळा उघडली’ या दोन शब्दांत किती वेगवेगळ्या गोष्टी मावतात, ते डेन्मार्क आणि इस्रायलने दाखवलं. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासून फक्त लहान वर्ग सुरू केले. मुलांचे छोटे, कायमचे गट केले, हात धुण्याच्या वेळा ठरवल्या, जमेल तितके तास मैदानावर घेतले. त्यानंतर साथ भडकली नाही. इस्रायलने मे महिन्याच्या मध्यावर सगळेच वर्ग भरवले. जेरुसलेममधल्या एका शाळेत वर्ग गच्च भरलेले होते. त्यातच उष्णतेची लाट आली, मास्कची सक्ती तात्पुरती उठली, वर्गांत वातानुकूलन चालू राहिलं. काही दिवसांतच १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित निघाले.

या दोन अनुभवांमधला फरक बराचसा हवेचा आहे, आणि हवा मोजता येते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, आपल्या उच्छ्वासात जवळजवळ ४०,००० पीपीएम. वर्गातला आकडा ८०० वर असेल, तर प्रत्येक श्वासातला साधारण एक टक्का भाग दुसऱ्या कुणाच्या तरी फुफ्फुसातून आलेला असतो. २,००० वर गेला तर चार टक्के. टेबलं पुसण्यावर आणि जंतुनाशक फवारण्यावर शाळांनी जेवढी शक्ती घातली, तिचा थोडासा भाग खिडक्यांवर खर्च झाला असता तर अधिक उपयोग झाला असता.

बंद ठेवण्याचीही किंमत होती. इंटरनेट घरोघरी पोचलेल्या नेदरलँड्समध्ये शाळा फक्त आठ आठवडे बंद होत्या. तरीही मुलांचं नुकसान शालेय वर्षाच्या पाचव्या हिश्शाएवढं भरलं, म्हणजे घरून शिकताना ती जवळजवळ काहीच पुढे सरकली नाहीत. आईवडिलांचं शिक्षण कमी असलेल्या घरांत हे नुकसान ६० टक्क्यांपर्यंत जास्त होतं. रोजच्या बाधितांचा आकडा संध्याकाळी बातम्यांत येई. शिक्षणाच्या नुकसानीचा आकडा कुठल्याच बातमीपत्रात येत नव्हता, म्हणून तराजूत त्याचं वजनही पडलं नाही.

अर्थात शाळा आधी उघडाव्यात हे मी कोविडबद्दल म्हणतो आहे. शाळा लगेच बंद करण्याचा विचार मुळात इन्फ्लुएन्झाच्या तयारीतून आला. त्या आजारात मुलं संसर्ग झपाट्याने पसरवतात आणि लहानग्यांना धोकाही बराच असतो. १९१८ च्या साथीत तर तरुण माणसं मोठ्या संख्येने दगावली. पुढची साथ कोणत्या वयाला धरेल, ते आधी सांगता येत नाही. पण सुरुवातीच्या आठवड्यांत शोधता येतं. त्यासाठी बाधित कुटुंबांत घरी संसर्ग पहिल्यांदा कुणी आणला आणि तो कुणाकुणाला झाला, याचा पद्धतशीर मागोवा घ्यावा लागतो. शाळा बंद करण्याचा आदेश निघेल त्याच दिवशी हे काम सुरू झालं, तर महिन्याभरात त्या उघडण्याबद्दल अंदाजाऐवजी पुराव्यावर बोलता येईल.