बंद घराचं कुलूप तुटलंय, आता कुठे जायचं? पोलिसांकडे कधी आणि कसं जावं, कोकणापुरती माहिती

गणपती आटोपले की चाकरमानी मुंबईची गाडी धरतो आणि वाडीतली निम्मी घरं शिमग्यापर्यंत बंद होतात. मग एखाद्या सकाळी शेजारच्या काकींना दिसतं की पडवीच्या दाराचं कुलूप तुटलंय. त्या फोन करतात मुंबईला, घरमालकाला. तो म्हणतो, "शनिवारी येतो, मग बघू." तो येईपर्यंत अर्धी वाडी घरात फिरून गेलेली असते, कपाटाला दहा जणांचे हात लागलेले असतात आणि कुणीतरी भल्या मनाने केरही काढलेला असतो. ठसे घ्यायला माणूस येतो तेव्हा घ्यायला काही उरलेलं नसतं.

घरमालक आल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत, हा समज कोकणात घट्ट बसलाय. तो चूक आहे. गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं तो कुणीही खबर देऊ शकतो. त्या काकी फिर्यादी होऊ शकतात. नक्की काय गेलं हे घरमालकाने मागाहून येऊन पुरवणी जबाबात सांगायचं. तोवर घरात कुणी शिरायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही.

काही घडत असेल, म्हणजे चोर अजून घरात आहे, मारामारी चालू आहे, अपघात झालाय, कुणी बुडतंय, कुणाच्या जिवाला धोका आहे, तर ११२ लावायचा. घडून गेलं असेल तर ठाण्यात जायचं. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ झालं.

११२ बद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. हा फोन तुमच्या ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबईच्या केंद्रात जातो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला आणि तुमच्या जवळच्या पोलीस गाडीला निरोप मिळतो. पलीकडच्या माणसाला तुमची "खालची वाडी" माहीत असायचं कारण नाही. मोबाइलवरून जागा दिसते, पण दरीत आणि खाडीकाठी टॉवर लांब असला की ती चुकू शकते. म्हणून पत्ता वरून खाली सांगायचा: जिल्हा, तालुका, गाव, वाडी आणि शेवटी खूण. शिरगाव रत्नागिरीजवळ आहे, चिपळूण तालुक्यात आहे आणि देवगडातही आहे. मुरूड म्हटलं तर एक जंजिऱ्याचं आणि एक दापोली तालुक्यातलं. नुसतं "मुरूडच्या बीचवर या" म्हणालात तर गाडी भलत्याच जिल्ह्यात निघायची. एसटीचा थांबा, देऊळ, शाळा, साकव, काहीही चालेल, पण जवळची खूण सांगा. फोन लगेच ठेवू नका आणि नंतर बंदही करू नका, गाडीवरचे पोलीस उलट फोन करतात. जखमी माणूस असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८.

मुंबई-गोवा महामार्गावर अपघात बघून लोक गाडी पुढे काढतात, कारण "साक्षीला ओढतील". २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी कारवाई होत नाही, आणि नाव-पत्ता द्यायचा की नाही हे त्याने ठरवायचं.

गावात पोलीस म्हणजे आधी पोलीस पाटील. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने त्यांच्यावर गावातल्या गुन्ह्यांची, संशयास्पद मृत्यूंची आणि शांतताभंगाची खबर वर कळवायची जबाबदारी टाकलेली आहे. पावसाळ्यात रस्ता खचलाय, ठाणं तीस किलोमीटरवर आहे, अशा वेळी त्यांचा फोन लवकर लागतो आणि पलीकडे ओळखीचा आवाज असतो. पण पोलीस पाटील गुन्हा नोंदवू शकत नाहीत. "पाटलांना सांगितलंय" आणि "तक्रार दिली आहे" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दूरक्षेत्राचंही, म्हणजे ठाण्याखालच्या पोलीस चौकीचंही, साधारण तसंच, तिथे अर्ज घेतील, पण गुन्ह्याचा नंबर पडतो ठाण्यातच.

आपलं ठाणं कुठलं, याचा घोळ हद्दीवरच्या गावांत नेहमीचा. तालुका एक असतो आणि ठाणं दुसरंच. याची काळजी आता फार करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात द्यावी, तिथे झिरो नंबरने गुन्हा दाखल होतो आणि मग योग्य ठाण्याकडे जातो. "आमच्या हद्दीत नाही" हे कारण चालत नाही. कोकण रेल्वेत बॅग गेली तर तेच: गाडीत १३९ वर कळवा आणि उतरल्यावर तक्रार द्या.

आता दखलपात्र म्हणजे काय, कारण ठाण्यातले निम्मे वाद याच शब्दावरून होतात. खून, दरोडा, घरफोडी, विनयभंग, गंभीर दुखापत हे गुन्हे दखलपात्र. यात पोलिसांनी एफआयआर घ्यावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात हे स्पष्ट केलं. नव्या संहितेत तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, तेवढं लक्षात असू द्या. शिवीगाळ, किरकोळ हाताबुक्की हे अदखलपात्र, बोलीत एनसी. एनसीत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून "एनसी घेऊन गप्प बसले" ही तक्रार दर वेळी खरी नसते. तरीही एनसी करून ठेवावी. तोच माणूस पुन्हा अंगावर आला तर आधीची एनसी कामाला येते.

आंबेवाल्यांनी एक आकडा ध्यानात ठेवावा: पाच हजार. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांहून कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र झाली आहे. बागेतून रात्री हापूस उतरवला, माडावरचे नारळ पाडून नेले, तर तक्रारीत "काही आंबे" लिहू नका. किती डझन, त्या आठवड्याचा भाव काय, दलालाची पट्टी असेल तर तिची प्रत, हे सगळं द्या. आकडा फुगवू नका, पण आहे तो तरी पूर्ण सांगा. घरातून किंवा कुलूप फोडून झालेली चोरी मात्र वेगळी, तिथे ही किमतीची अट आड येत नाही.

आणि गडगा, म्हणजे हद्दीवरची दगडी भिंत. कोकणातल्या ठाणे अंमलदाराला विचारा, आठवड्यात किती जण सात-बारा घेऊन येतात. सामाईक जमीन, वाटप झालेलं नाही, चुलत्याने गडगा हातभर पुढे सरकवला, पायवाट अडवली. जमीन कुणाची हे पोलीस ठरवत नाहीत आणि ठरवायला गेले तर ते चूकच. मोजणी भूमी अभिलेखकडे, वाटेचा अर्ज तहसीलदारांकडे, हक्काचा दावा दिवाणी कोर्टात. पोलिसांचं काम सुरू होतं ते कोयता निघाला, झाडं तोडली, घरात घुसले, धमकी दिली तिथे. तक्रारीत पहिली दोन पानं आजोबांच्या वाटणीपत्रावर खर्च केली तर वाचणारा तिसऱ्या पानावरच्या कोयत्यापर्यंत पोचतच नाही. कोयता पहिल्या ओळीत लिहा. मारामारी होईल अशी खरीच भीती असेल तर शांतता राखण्याचं हमीपत्र घेण्याची कारवाई पोलीस कार्यकारी दंडाधिकाऱ्यांमार्फत करू शकतात. लोक तिला अजून चॅप्टर केस म्हणतात, कलम मात्र १०७ चं १२६ झालंय.

ठाण्यात जाताना कागद काय न्यायचे? खरं सांगायचं तर एफआयआरला एकही कागद लागत नाही आणि एक पैसाही नाही. आधार कार्ड विसरलं म्हणून परत पाठवता येत नाही. पण हाताशी असलेलं न्यावं: ओळखपत्र, गेलेल्या वस्तूची पावती किंवा फोटो, गाडीचं आरसी बुक, मोबाइलच्या खोक्यावरचा आयएमईआय नंबर, मार लागला असेल तर सरकारी दवाखान्याचा कागद. ई-मेलनेही खबर देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. मुंबईतल्या घरमालकांना हे सोयीचं आहे. काही ठरावीक गुन्ह्यांत बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. जबाबासाठी बाईमाणसाला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला, साठीपुढच्या पुरुषाला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं.

जबाब लिहून झाला की वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे आणि आपल्याकडे त्याची गरज जरा जास्तच. बोलणारा मालवणीत बोलतो, लिहिणारा अंमलदार पुष्कळदा घाटावरचा. तुम्ही "खळ्यात मारलं" म्हणालात तर तो धान्य मळायची जागा समजतो, तुम्हाला घरापुढचं अंगण म्हणायचं असतं. मांगराचं (बागेतल्या खोपीचं) "घर" होतं, वईचं (काटेरी कुंपणाचं) "कंपाउंड" होतं, आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत वकील विचारतो, नक्की कुठे मारलं? पटत नसेल तर दुरुस्त करून घ्या, मगच सही करा.

सही केलीत की प्रत मागा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. एनसीचीही घ्या. साध्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. आमच्या विहिरीवरचा पंप गेला तेव्हा मी हे केलं नव्हतं. ठाण्याचं नाव घेत नाही. साहेब चांगले बोलले, चहा पाजला, "बघतो" म्हणाले, मी घरी आलो. अडीच महिन्यांनी पुन्हा गेलो तर साहेब बदलून गेलेले आणि डायरीत माझ्या नावाची ओळ नाही. चहा मात्र नव्या साहेबांनीही पाजला.

एफआयआर घेतलाच नाही, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. रायगडचे अधीक्षक अलिबागला, रत्नागिरीचे रत्नागिरीला, सिंधुदुर्गचे ओरोसला. टपालाची पावती जपून ठेवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. अधीक्षकांना आधी लिहिलं होतं हे तिथे दाखवावं लागतं, म्हणून पायरी गाळू नका.

माणूस हरवला तर चोवीस तास थांबायचं, असा कुठलाही नियम नाही. संध्याकाळी शाळेतून पोर आलं नाही तर त्याच संध्याकाळी जा. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, मोबाइल नंबर सांगा. फोनवरून पैसे गेले असतील तर ठाण्याचा रस्ता धरण्याआधी १९३० लावा, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवायचे असतात. व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ तयार ठेवा. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१.

समुद्राची गोष्ट वेगळी. १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला वाहत आलेल्या बोटीत तीन एके-४७ सापडल्या. ती बोट शेवटी खराब हवामानात मालकांनी सोडून दिलेली निघाली, पण सापडली तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? अनोळखी बोट, बिननंबरी होडी, वाहून आलेलं पिंप किंवा खोकं दिसलं तर चढून बघू नका. किनारा सुरक्षेसाठी १०९३ आहे, नाहीतर ११२. दाभोळ, बाणकोट, पूर्णगड, नाटे, दिघी, मांडवा इथे सागरी पोलीस ठाणी आहेत. बोट समुद्रात संकटात असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि वायरलेसवर सोळा नंबरचं चॅनेल. बोट ठरल्या वेळी परतली नाही तर ठाण्यात जाताना तिचं नाव, नोंदणी क्रमांक, रंग, तांडेलाचा (बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा) मोबाइल, खलाशी किती आणि शेवटचं बोलणं कधी व कुठून झालं, एवढं लिहून न्या. खलाशांची नावं मालकाला पुष्कळदा पूर्ण माहीत नसतात, तिथेच तासभर जातो.

बाकी कागदपत्रांची कामं. आधार, आरसी, मार्कशीट हरवली तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर घरबसल्या नोंद होते, त्यासाठी तालुक्याला हेलपाटा नको. पण चोरीला गेलेली वस्तू "हरवली" म्हणून नोंदवू नका, पुढे विमा अडतो. मोबाइल हरवला तर या नोंदीच्या आधारे केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करता येतो. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा दाखलाही ऑनलाइन. होमस्टेवाल्यांकडे परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची. बागेत राखणीला बाहेरगावचा माणूस ठेवताना त्याचा फोटो आणि ओळखपत्राची प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या. हंगाम सुरू झाल्यावर नव्हे, मोहोर येतो तेव्हाच.

गुन्हा दाखल झाल्यावर तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असतं. कळवलं नाही तर गुन्हा नंबर सांगून विचारा. पुष्कळ चोऱ्यांचा तपास लागत नाही, हे खरं. मग "गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही" असा अहवाल कोर्टात जातो, त्याला ए समरी म्हणतात. गाडीचा विमा असेल तर कंपनी बहुधा हाच कागद मागते. फाईल बंद झाली म्हणून तोंड फिरवून घरी येऊ नका, कोर्टातून त्याची नक्कल काढून घ्या.