व्हॉल्व्ह जेवढा लाल तेवढा आवाज गोड? नाही भाऊ

जळगाव-धुळ्याकडे जुने रेडिओवाले म्हणायचे की व्हॉल्व्ह (आवाज वाढवणारी काचेची नळी) जेवढा लालबुंद तेवढा आवाज गोड, अन् आता व्हॉल्व्हचे हेडफोन अँप (अँप्लिफायर) वापरणारी पोरंही तेच धरून बसलीत. अरे तो उजेड आतल्या हीटरचा, काही स्वस्त अँपमध्ये तर खाली चक्क नारंगी एलईडी असतो! (भुसावळच्या मे महिन्यात ती गरमी नकोच वाटते, ते वेगळं.) खरा फरक बऱ्याचदा गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो त्याचा असतो, १२एएक्स७ या व्हॉल्व्हचा अँप्लिफिकेशन फॅक्टर (वाढवायची ताकद) १००, १२एयू७ चा २० च्या आसपास, मग पहिला लावला की आवाज मोठा येतो आणि मोठा आवाज कानाला भारीच वाटतो, म्हणून आधी व्हॉल्यूम सारखा करा मग ऐका. ओटीएल अँपवर (ज्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो) ३२ ओहमचा हेडफोन असेल तर व्हॉल्व्ह बदलायचं राहू द्या, ३०० ओहमचा हेडफोन लावून बघा, असे अँप जास्त ओहमच्या हेडफोनशीच नीट जुळतात.