इंग्रजीचा पेपर आणि त्यातून सुटलेलं बोलणं

१९१२ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोघांनी एक साधा प्रयोग केला. हायस्कूलमधल्या दोन विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका त्यांनी घेतल्या, हस्ताक्षरासकट त्यांच्या हुबेहूब प्रती छापल्या आणि २०० हायस्कुलांकडे पाठवल्या. विनंती एवढीच होती, की तुमच्याकडे इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे पेपर नेहमीसारखे तपासून शंभरपैकी गुण द्यावेत. १४२ शाळांकडून तपासलेले पेपर परत आले. पहिल्या पेपरला कुणी ६४ दिले होते, कुणी ९८. दुसऱ्याला ५० पासून ९७ पर्यंत. अक्षर तेच, चुका त्याच, खाडाखोडही तीच. बदलला होता फक्त तपासणारा.

भाषेचा विषय असाच असतो, त्यात मतभेद व्हायचेच, अशी टीका झाली. तेव्हा दोघांनी पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर तसाच पाठवला. त्यात तफावत इंग्रजीपेक्षाही मोठी निघाली.

शालेय विद्यार्थ्यांचं इंग्रजी कसं तपासावं, या प्रश्नाचा पुढचा सगळा इतिहास या दोन उत्तरपत्रिकांपासून समजून घ्यावा असं मला वाटतं. कारण या प्रयोगाने उठवलेली शंका रास्त होती, पण तिच्यावर जे उपाय शोधले गेले त्यांत परीक्षेतून हळूहळू भाषाच कमी होत गेली. आधी निबंध मागे पडला, आणि बोलणं तर कित्येक ठिकाणी पेपरात आलंच नाही.

त्याआधीची परिस्थिती पाहिली तर लेखी परीक्षा ही काही फार जुनी गोष्ट नाही. शाळेतली परीक्षा म्हणजे पाहुण्यांसमोर उभं राहून विचारल्या प्रश्नाचं तोंडी उत्तर देणं, अशीच पद्धत होती. १८४५ मध्ये बोस्टनमध्ये शिक्षणसुधारक होरेस मान आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल हाऊ यांच्या पुढाकाराने तिथल्या शाळांमधल्या निवडक मुलांना छापील प्रश्न देऊन उत्तरं लिहून घेतली गेली. सगळ्यांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ, आणि उत्तराचा पुरावा कागदावर. निकाल वाईट लागला आणि शिक्षकांवर टीका झाली, पण पद्धत रुजली. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने १८५८ पासून शाळकरी मुलांच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच त्या समुद्रापार त्रिनिदादपर्यंत पोहोचल्या.

हार्वर्डने १८७४ पासून प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध सक्तीचा केला. निबंधाचा विषय ठरावीक साहित्यकृतींमधून निघणार, हे आधीच जाहीर होतं. परिणाम लगेच दिसला. हायस्कुलांनी त्याच पुस्तकांची यादी समोर ठेवून वर्ग चालवायला सुरुवात केली. इतर महाविद्यालयांनी आपापल्या याद्या काढल्या, शाळांची तारांबळ उडाली आणि शेवटी १८९४ मध्ये बऱ्याच महाविद्यालयांना मिळून एकच यादी मान्य करावी लागली. परीक्षेत जे येतं तेच वर्गात शिकवलं जातं. या परिणामाला परीक्षाशास्त्रात पुढे ‘वॉशबॅक’ असं नाव पडलं, पण अनुभव तेव्हापासूनचा आहे.

इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी केंब्रिजने १९१३ मध्ये वेगळी परीक्षा काढली. परदेशांत इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या प्रौढांसाठी ती होती, शाळकरी मुलांसाठी नव्हे. तरी तिचा आराखडा इथे सांगण्यासारखा आहे. फ्रेंच किंवा जर्मनमध्ये भाषांतर दोन तास. त्या भाषांमधून इंग्रजीत भाषांतर आणि व्याकरण अडीच तास. निबंध दोन तास, साहित्य तीन तास, ध्वनिशास्त्र दीड तास. मग अर्धा तास श्रुतलेखन, आणि शेवटी अर्धा तास मोठ्याने वाचन व संभाषण. एकूण बारा तास. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. पण या अवजड परीक्षेत परीक्षकासमोर बसून इंग्रजीत बोलणं पहिल्या दिवसापासून होतं. तोंडी परीक्षेतले गुण भरवशाचे कसे करायचे, यावर केंब्रिजचेच जॅक रोच यांनी प्रयोग करून १९४५ मध्ये अहवालही लिहिला. म्हणजे बोलणं तपासता येतच नाही अशी स्थिती कधीच नव्हती. त्याला माणसं लागतात आणि वेळ लागतो, आणि मुलांची संख्या लाखांवर गेली की दोन्ही महाग पडतात.

स्वस्त उत्तर कॅन्ससमधून आलं. स्टार्च-एलियट यांच्या प्रयोगानंतर दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, फ्रेडरिक केली यांनी शिक्षकांच्या गुणदानातल्या फरकांवर प्रबंध लिहिला आणि त्यापाठोपाठ मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तिच्यातला एक प्रश्न प्रसिद्ध आहे. चार प्राण्यांची नावं दिली आहेत: गाय, वाघ, उंदीर, लांडगा. शेतावर उपयोगी पडणाऱ्या प्राण्याच्या नावाभोवती रेघ ओढा. उत्तर एकच, बरोबर किंवा चूक. तपासणाऱ्याचं मत विचारायचंच नाही. बहुपर्यायी प्रश्नाचा जन्म इथला मानतात. वाचलेलं कळलं का, एवढं पाहायला हा प्रश्न वाईट नाही. पण मुलाला इथे स्वतःचा एकही शब्द लिहावा लागत नाही, हे नजरेआड करून चालणार नाही.

पुढचं पाऊल यंत्राचं. मिशिगनमधले एक हायस्कूल शिक्षक रेनॉल्ड जॉन्सन यांनी पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते या गुणाचा उपयोग करून खुणा मोजणारं यंत्र बनवलं. आयबीएमने ते सुधारून १९३८ च्या सुमारास बाजारात आणलं. हजारो उत्तरपत्रिका आता न वाचताच तपासून होऊ लागल्या.

या यंत्राला साजेसं भाषाशास्त्रही लवकरच मिळालं. रॉबर्ट लाडो यांनी १९६१ मध्ये भाषाचाचण्यांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की भाषा म्हणजे ध्वनी, शब्द, रचना अशा सुट्या घटकांची व्यवस्था. प्रत्येक घटक वेगळा काढून तपासा. शिकणाऱ्याच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत जिथे फरक आहे, तिथेच अडचण येणार, म्हणून प्रश्न तिथलेच काढा. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतला फरक मुलाला ऐकू येतो का? ‘ही डझन्ट गोज’ आणि ‘ही डझन्ट गो’ यांतलं बरोबर कोणतं? गाळलेली जागा भरा, योग्य शब्दयोगी अव्यय निवडा, सूचनेप्रमाणे वाक्य बदला, अशा प्रश्नांनी ज्यांचं शाळकरी इंग्रजी भरलेलं होतं, त्यांना हा विचार ओळखीचा वाटेल.

आणि त्याच वर्षी, १९६१ मध्येच, या विचाराला उत्तरही मिळालं होतं. मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरल यांनी एका निबंधात मांडलं, की सुटे घटक येतात म्हणून भाषा वापरता येते असं होत नाही. संदर्भ, वेग आणि अर्थ एकत्र सांभाळावे लागतील अशी कामंही परीक्षेत हवीत. परदेशी विद्यार्थ्यांसाठीची टोफेल परीक्षा १९६४ पासून सुरू झाली. कॅरल यांचा विचार तिच्या कर्त्यांसमोर होता, तरी प्रत्यक्षात परीक्षा बहुपर्यायीच राहिली. बोलणं तिच्यात सर्वांसाठी सक्तीचं झालं ते २००५ मध्ये, एक्केचाळीस वर्षांनी.

निबंधाचं काय झालं, हे इथेच सांगायला हवं, कारण १९६१ सालचीच ती तिसरी गोष्ट. पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयात नुकत्याच आलेल्या मुलांचे ३०० निबंध ५३ वाचकांना दिले आणि एक ते नऊ अशा श्रेणी द्यायला सांगितलं. वाचकांत शिक्षक होते, तसे संपादक, वकील आणि व्यावसायिकही होते. त्या ३०० पैकी १०१ निबंधांना एकपासून नऊपर्यंतची प्रत्येक श्रेणी कुणा ना कुणाकडून मिळाली. पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी एकाही निबंधाला मिळाल्या नाहीत.

स्टार्च-एलियट यांचाच हा निष्कर्ष पन्नास वर्षांनी, असं म्हणून थांबता आलं असतं. डीडरिक थांबले नाहीत, आणि मला त्यांचं मोल वाटतं ते यामुळे. मतभेद कशावरून होतात हे त्यांनी शोधलं. कुणी विचारांना गुण देत होता, कुणी व्याकरण-शुद्धलेखनाला, कुणी मांडणीला, कुणी शब्दयोजनेला, तर कुणी लेखनातल्या चवीला. वाचक मनमानी करत नव्हते. प्रत्येकजण वेगळ्या गोष्टीकडे पाहत होता. मग कशाकडे पाहायचं ते आधी ठरवलं, नमुन्याचे निबंध एकत्र बसून तपासले आणि प्रत्येक निबंध दोघांनी वाचला, तर गुण जवळ येतात. आज मोठ्या परीक्षांमध्ये निकषांचा तक्ता हातात घेऊन परीक्षक बसतात, त्यामागे हे काम आहे. निबंधाला परीक्षेत पुन्हा जागा मिळाली ती या कष्टामुळे.

सत्तरच्या दशकात एक उतारा घेऊन त्यातला दर पाचवा किंवा सातवा शब्द गाळायचा आणि मुलाने तो भरायचा, हा ‘क्लोझ’ प्रकार गाजला. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये तो मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजायला काढला होता. जॉन ऑलर यांनी तो भाषेच्या परीक्षेत आणला आणि सगळी भाषाक्षमता मुळात एकच असते, ती अशा एका चाचणीने मोजता येते, असा दावा केला. पुढे त्यांनी स्वतःच तो मागे घेतला.

दरम्यान विचाराची दिशा पालटत होती. भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी सांगितलं होतं, की भाषा येणं म्हणजे कुणाशी, कधी, कसं बोलावं हे कळणंही आहे. कॅनडात मायकेल कनाल आणि मेरिल स्वेन यांनी १९८० मध्ये त्याचे भाग पाडून दाखवले: व्याकरणाचं ज्ञान, सामाजिक औचित्य, आणि शब्द अडला तर वेळ मारून नेण्याचं कौशल्य. यातलं शेवटचं मला फार खरं वाटतं. ‘चाळणी’ला इंग्रजीत काय म्हणतात ते न आठवणारा मुलगा ‘भोकं असलेलं भांडं’ असं म्हणून काम भागवतो, तेव्हा तो भाषाच वापरत असतो. जुन्या पेपरात त्याला शून्य मिळतं. युरोपच्या परिषदेने (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ मध्ये भाषा किती येते हे सांगणारी ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली, तिच्यातली वर्णनंही ‘विद्यार्थी अमुक करू शकतो’ अशा भाषेत आहेत.

पण परीक्षा बदलली की वर्ग बदलतोच का? श्रीलंकेत दहावीच्या पातळीवरची इंग्रजीची परीक्षा १९८० च्या दशकाअखेर नव्या धर्तीवर आली, तेव्हा डायॅन वॉल आणि चार्ल्स ऑल्डरसन यांनी वर्गांत बसून निरीक्षण केलं. काय शिकवायचं ते परीक्षेप्रमाणे बदललं होतं. कसं शिकवायचं ते मात्र जवळपास जुनंच राहिलं होतं. शिक्षकाला प्रशिक्षण आणि वेळ न देता नुसता पेपर बदलून भागत नाही, हे त्यांच्या १९९३ च्या लेखाने नीट दाखवून दिलं.

मोठ्या प्रमाणावरच्या परीक्षांत बोलण्याची वाट अजूनही अडलेली आहे. दक्षिण कोरियात दरवर्षी नोव्हेंबरमध्ये महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा होते. इंग्रजीचा श्रवणाचा भाग सुरू असताना ३५ मिनिटं देशभरातली विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात, आकाशातली विमानं वरच घिरट्या घालतात. ऐकण्याची इतकी काळजी घेणाऱ्या या पेपरात ४५ प्रश्न आहेत, सगळे बहुपर्यायी. मुलाला इंग्रजीत एक वाक्यही बोलायचं किंवा लिहायचं नसतं. चारही कौशल्यांची वेगळी राष्ट्रीय परीक्षा त्यांनी तयार केली होती, तीही प्रवेशासाठी न वापरता सोडून दिली. जपानने श्रवण २००६ पासून आणलं. बोलणं आणि लेखन खासगी परीक्षांमधून तपासायचं ठरलं होतं, पण शुल्क आणि केंद्रांचं अंतर गरीब व दूरच्या मुलांवर अन्याय करेल, या आक्षेपामुळे नोव्हेंबर २०१९ मध्ये ते थांबलं. आक्षेप खरा होता, हे मान्य करायलाच हवं. इंग्लंडमध्ये तर इंग्रजी ही घरचीच भाषा, तरी २०१४ पासून जीसीएसई या सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या शालान्त परीक्षेतल्या इंग्रजीच्या श्रेणीतून बोलण्याचे गुण वगळले गेले. शाळेतल्या शिक्षकांनी दिलेले गुण पुरेसे विश्वासार्ह नाहीत, हे कारण. १९१२ चीच शंका पुन्हा, आणि उपाय पुन्हा वगळण्याचा.

जिथे कायद्याने भाग पाडलं तिथे मात्र बोलणं तपासलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या सुमारे १,८०० चिनी मुलांना इंग्रजी येत नसताना कोणतीही जादा मदत मिळत नव्हती. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सगळ्यांना तेच पुस्तक आणि तोच शिक्षक दिला म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. मग कोणत्या मुलाला किती इंग्रजी येतं हे पाहणं शाळांना क्रमप्राप्त झालं. २००२ मध्ये लागू झालेल्या कायद्याने तर अशा प्रत्येक मुलाचं ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं दरवर्षी तपासणं बंधनकारक केलं. शाळा करोत, राज्य करो, खर्च करावाच लागला.

आता संगणकाकडून आशा धरली जाते आहे, आणि तीही नवी नाही. हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलेले एलिस पेज यांनी १९६६ मध्येच संगणकाने निबंध तपासून दाखवले. यंत्र शब्दांची लांबी, निबंधाची लांबी, स्वल्पविराम अशा गोष्टी मोजायचं. १९९९ पासून व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेत असं गुणदान माणसाच्या जोडीने वापरात आलं. २०१४ मध्ये एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांसह एक प्रोग्रॅम लिहिला, जो जड शब्दांचे निरर्थक निबंध तयार करायचा. गुणदान करणाऱ्या यंत्रांकडून त्यांना उत्तम गुण मिळाले.

पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय पिसा चाचणी २००० पासून होते आहे. तिच्या २०२५ च्या फेरीत पहिल्यांदाच परकी भाषा आली, ती इंग्रजी, आणि तीही इच्छुक देशांपुरती. वाचन आहे, श्रवण आहे, आणि मूल संगणकासमोर बसून बोलतंही. लेखन या फेरीत घेतलेलं नाही.