आंबवलेल्या इडलीत व्हिटॅमिन बी१२ असतं म्हणे

व्हिगन झालो, म्हणजे दूध-अंडी-मांस सगळं बंद, तेव्हापासून प्रत्येक लग्नात एक काका भेटतातच, अरे दूध सोडलंस तरी काय बिघडत नाही, इडली आंबोळी खा, पीठ आंबलं की बी१२ (एरवी दूध-अंडी-मांसातून मिळतं ते) तयार होतं. आणि व्हॉट्सॲपवर दुसरी आवृत्ती, स्पिरुलिना (निळ्या-हिरव्या शेवाळाची पूड) घ्या, भाज्या जास्त धुऊ नका, मातीतलं बी१२ जातं.

नाही हो, असं नाहीये. बी१२ बॅक्टेरिया बनवतात हे खरं, पण सगळेच बनवत नाहीत, आणि पीठ आंबवणाऱ्यांवर त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. स्पिरुलिनामध्ये जे असतं ते बहुतेक बी१२ सारखं दिसणारं पण माणसाच्या शरीराला न चालणारं, म्हणजे चावी कुलपात जाते पण फिरत नाही. न धुतलेल्या पालकातून पोट बिघडेल, बाकी काही मिळणार नाही.

मग काही व्हिगन म्हणतात "मला तर तीन वर्षात काहीच झालं नाही", ते कसं? कारण लिव्हरमध्ये साठा असतो, तो वर्षानुवर्ष पुरतो, आणि गरज रोज जेमतेम २ ते २.५ मायक्रोग्रॅम. साठा संपला की मग पायाला मुंग्या, थकवा, विसरणं. त्यात आपण डाळी-पालेभाज्या भरपूर खातो, फोलेट (रक्त बनायला लागणारं दुसरं व्हिटॅमिन) चांगलं असतं म्हणून ॲनिमिया झाकला जाऊ शकतो आणि नसांचं नुकसान मात्र चालूच, हे जास्त वाईट.

गोळी सरळ घ्या, डोस डॉक्टरांना विचारून. गोळीतलं बी१२ पण बॅक्टेरियाच बनवतात, प्राणी लागत नाही. फक्त कॅप्सूल असेल तर पाकीट उलटं करून जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं) आहे का बघा, मी दोन महिने न बघताच गिळत होतो 😅