पायरीवरच्या नावापासून सुवर्णपदकापर्यंत: कोकण किनारा आणि वास्तुविशारद

रायगडावरील जगदीश्वराच्या मंदिराच्या एका पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’ अशी ओळ कोरलेली आहे. त्याच मंदिरातील शके १५९६ चा संस्कृत शिलालेख गडावरच्या विहिरी, तळी, बागा आणि राजवाडे यांचे वर्णन करतो आणि ते सारे ‘हीराजी’ने निर्माण केल्याचे सांगतो. मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात उभ्या राहिलेल्या सिंधुदुर्गाच्या बांधकामाशीही परंपरेने त्यांचेच नाव जोडले जाते. बांधणाऱ्याचे नाव दगडावर आले, त्यात राजाचे औदार्य होते. एरवी कोकणात घर कोणी बांधले याची नोंद ठेवण्याची रीत नव्हती.

घर बांधण्याचे ज्ञान मात्र होते आणि ते पक्के होते. खाणीतून काढलेला जांभ्याचा चिरा, मुसळधार पावसासाठी तीव्र उताराचे कौलारू छप्पर, भिंतीवर पावसाची झड येऊ नये म्हणून चहूबाजूंनी खाली उतरवलेली पडवी आणि तिच्या आत ओटी व माजघर, ही रचना गवंडी आणि सुतार पिढ्यान्‌पिढ्या कागदावर रेघ न ओढता उभी करत आले. या कारागिरांपैकी जवळजवळ कोणाचेही नाव आज सांगता येत नाही. पुढे आर्किटेक्ट हा पदवीधर व्यवसाय आला, तो किनाऱ्यावरच्या गावांतून नव्हे, तर मुंबईतून.

मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वास्तुकलेचे शिक्षण सुरू झाले, ते प्रारंभी बऱ्याच अंशी नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन घडवण्यापुरते होते. याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ साली स्थापन केलेल्या संघटनेतून पुढे ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ ही देशव्यापी संस्था आकाराला आली. पुढे शाळेच्या वास्तुकला विभागाचे प्रमुख झालेले ब्रिटिश वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय वास्तूंची मोजमापे घेऊन त्यांची रेखाटने करायला लावली, ही त्यांची मोठी कामगिरी मानावी लागेल. गजानन बाबुराव म्हात्रे यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी याच सुमारास मरीन ड्राइव्हच्या परिसराला आर्ट डेको या भौमितिक आकारांच्या, गोलाई दिलेल्या कोपऱ्यांच्या शैलीचा चेहरा दिला. त्यांची १९३७ ची ‘सूना महल’ ही कोपऱ्यावरची इमारत आजही दिमाखात उभी आहे आणि २०१८ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झालेल्या समूहात तो सारा भाग येतो.

कोकणाच्या दृष्टीने या शाळेतून बाहेर पडलेले सर्वांत महत्त्वाचे नाव अच्युत कानविंदे यांचे. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरा येथे १९१६ साली त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. वडील मुंबईत कलाशिक्षक होते आणि मुलाचे बालपण आचऱ्याच्या मोठ्या कुटुंबात गेले. १९३५ मध्ये ते जे. जे.च्या वास्तुकला विभागात दाखल झाले. नंतर सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवले आणि तेथे बाउहाउस या जर्मनीतील आधुनिक कलाशाळेचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली ते शिकले. परतल्यावर त्यांनी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेसाठी, म्हणजे नव्या राष्ट्राच्या प्रयोगशाळांसाठी, काम केले; अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची ‘अटिरा’ ही इमारत त्या काळातली. १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासह त्यांनी दिल्लीत स्वतःची फर्म काढली.

कानविंदे यांची ओळख ज्या कामाने पक्की झाली ते कानपूरचे आयआयटी संकुल. १९५९ पासून आकाराला आलेल्या या संकुलात उघडी वीट आणि उघडे काँक्रीट आहेच, पण खरी गंमत जोडमार्गांत आहे. वाहने शैक्षणिक विभागाच्या बाहेर थांबतात, आणि आत ग्रंथालय, प्रयोगशाळा व वर्ग हे आच्छादित, दुमजली मार्गिकांनी एकमेकांना जोडलेले आहेत. ऊन असो वा पाऊस, विद्यार्थी सावलीतूनच एका इमारतीतून दुसरीत जातो. कोकणातल्या पडवीत वाढलेल्या माणसाला हे सुचणे स्वाभाविक, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्यांनी घेतलेले शिक्षण पाश्चात्त्य आधुनिकतेचे होते आणि कानपूरची गरज कानपूरच्या उन्हाची होती. सत्तरच्या दशकाच्या आरंभी मेहसाण्यात बांधलेल्या दूधसागर डेअरीत त्यांनी गरम हवा बाहेर टाकणारे उंच वायुवीजन मनोरे हेच इमारतीचे मुख्य रूप केले. किनाऱ्यालगत त्यांचे ठळक काम म्हणजे मुंबईतील वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र. बाकी त्यांच्या कीर्तीचा बहुतेक भाग उत्तरेत आणि गुजरातेत आहे. २००२ साली त्यांचे निधन झाले.

चार्ल्स कोरिया यांची वाट नेमकी उलटी. मूळ गोव्याच्या कुटुंबातले, पण १९३० साली जन्मले ते सिकंदराबादेत. मुंबईचे सेंट झेवियर्स, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी असे शिक्षण घेऊन त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत व्यवसाय सुरू केला. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय हे त्यांचे आरंभीचे काम. उतरती कौलारू छपरे, छोटी छोटी एकसारखी दालने आणि मधे पाण्याचा चौक असलेली ती इमारत गांधीजींच्या साधेपणाला शोभते. कोकणातल्या माणसाला ती पाहताच ओळखीची वाटते.

किनाऱ्यावर त्यांचा सर्वांत मोठा, आणि सर्वांत वादग्रस्तही, सहभाग नवी मुंबईचा. मुंबई बेटावरची गर्दी खाडीपलीकडे वळवावी, हा प्रस्ताव कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी साठच्या दशकाच्या मध्यास मांडला. मार्च १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि कोरिया १९७४ पर्यंत तिचे मुख्य वास्तुविशारद राहिले. कल्पना दूरदृष्टीची होती यात शंका नाही. पण ज्या ९५ गावांच्या जमिनीवर ती उभी राहिली, त्या आगरी-कोळी समाजाच्या मिठागरांचा आणि भातखाचरांचा हिशेब नकाशात नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला, आणि त्यानंतरच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याच्या धोरणाला आकार आला. कोरियांच्या कारकिर्दीच्या गौरवात हा भाग सहसा येत नाही. तो यायला हवा.

त्याच शहरात बेलापूरला १९८३ ते १९८६ दरम्यान त्यांनी आखलेली वसाहत, म्हणजे आर्टिस्ट्स व्हिलेज, अधिक जवळून पाहण्याजोगी आहे. साधारण सात घरांचा गट आणि मधे सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीचे सामाईक अंगण, असे तीन गट मिळून मोठा समूह. घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत. ऐपत वाढेल तसे शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावे, हा त्यामागचा हेतू. लोकांनी घरे वाढवली खरी, पण अनेकांनी मूळ घरे पाडून काँक्रीटचे मजले चढवले. हे अपयश की योजनेचाच भाग, यावर वास्तुविशारद अजून वाद घालतात.

पद्मश्री (१९७२), ‘रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स’ या ब्रिटनमधील संस्थेचे सुवर्णपदक (१९८४), पद्मविभूषण (२००६) असे सन्मान कोरियांना लाभले; हे सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले भारतीय. जून २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यात त्यांच्यानंतरच्या पिढीतील जेरार्ड दा कुन्हा यांनी तोर्डा येथे गोव्यातील घरांचे संग्रहालय उभारले, तेही या परंपरेत नोंदवण्याजोगे.

गोमंतकीयांच्या मनात कोरिया मुख्यतः पणजीतील कला अकादमीमुळे आहेत. कांपाल येथे मांडवीच्या काठी १९७३ ते १९८३ दरम्यान झालेल्या या संकुलाचा भव्य प्रवेशभाग चहूबाजूंनी मोकळा असून रस्त्यावरून आलेला माणूस दार न ओलांडता नदीपर्यंत पोचतो. दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी भिंतींवर सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले, त्यामुळे नाटक सुरू होण्याआधीच नाट्यगृह भरलेले वाटते. २०१९ मध्ये वास्तूचा भाग पाडण्याचा विचार पुढे आला तेव्हा कलावंत आणि वास्तुविशारदांनी त्याला विरोध केला. नंतर नूतनीकरण सुरू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. त्याच वर्षाअखेरीस संकुल पुन्हा खुले झाले, पण ध्वनी आणि प्रकाशयोजना पूर्वीसारखी राहिली नाही, अशी तक्रार कलावंतांनी केली, आणि दोष तपासण्यासाठी सरकारला २०२४ मध्ये कृतिदल नेमावे लागले.